ग्लॅडिस बेरेजिक्लियन यांना जावं का लागलं? एका रिकाम्या रकान्याची गोष्ट

लोकप्रशासन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्याच्या प्रीमियर ग्लॅडिस बेरेजिक्लियन यांच्यावर खटला नव्हता, शिक्षा नव्हती, पक्ष पाठीशी होता, लोकही बऱ्यापैकी खूश होते. तरी २०२१ मध्ये नुसती चौकशी जाहीर झाली आणि त्या पायउतार झाल्या. आपल्याकडे असं होताना दिसत नाही. त्यांची कारकीर्द कशी घडली आणि कशी मोडली, हे कुणी आतल्या माणसाने सांगावं."

आतला म्हणजे किती आतला, ते आधी सांगून टाकतो. मी सिडनीत राज्य सरकारच्या एका खात्यात १८ वर्षं अनुदानाचे प्रस्ताव तपासतोय. क्लबला छप्पर, गावाला सभागृह, शाळेला वाद्यं असले अर्ज येतात. त्यांची आकडेमोड करायची, शेरा मारायचा, वर पाठवायचं. प्रीमियरच्या दालनात मी कधी पाऊल टाकलेलं नाही आणि तुम्ही विचारताय त्या प्रकरणाची फाइल माझ्या टेबलावरून गेलेली नाही. पण ज्या जातीच्या कागदावर ही कारकीर्द आपटली, तसले कागद मी रोज हाताळतो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर एवढंच: त्यांनी स्वतः पैसे खाल्ले असं चौकशी आयोगानेही म्हटलेलं नाही. "या प्रस्तावाच्या मागे जो आमदार आहे, त्याच्याशी माझं जवळचं नातं आहे" हे एक वाक्य त्यांनी वेळेवर सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. बाकीचं सगळं या वाक्याभोवती फिरतं.

आता सुरुवातीपासून.

ग्लॅडिस यांचा जन्म १९७० चा, सिडनीतलाच. आईवडील आर्मेनियन स्थलांतरित. आडनावाच्या शेवटी 'यन' येतं ती आर्मेनियन घराण्याची खूण, आपल्या 'कर'सारखी. १९१५ च्या नरसंहारात त्यांचे आजी-आजोबा पोरके झाले होते. वडील वेल्डर, सिडनीच्या ऑपेरा हाऊसच्या बांधकामावर त्यांनी काम केलेलं, आई नर्स. पाच वर्षांची होऊन शाळेत जाईपर्यंत ग्लॅडिस यांना इंग्रजी येत नव्हतं, घरात फक्त आर्मेनियन. ही गोष्ट त्या भाषणांत सांगायच्या तेव्हा सिडनीच्या पश्चिमेकडच्या आमच्या वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या आया हळूच एकमेकींकडे बघायच्या. बालवाडीच्या पहिल्या दिवशी "पाणी पाहिजे" असं मराठीत रडत सांगणारी पोरं इथे प्रत्येक घरात होऊन गेली आहेत.

शिक्षण सरकारी शाळेत, मग सिडनी विद्यापीठ. तरुणपणीच लिबरल पक्षात. इथला लिबरल पक्ष म्हणजे उजवीकडचा, धंदेवाल्यांचा मानला जाणारा पक्ष. नावावरून फसू नका. युवा शाखेचं राज्यातलं अध्यक्षपद, पीटर कॉलिन्स या नेत्याच्या कार्यालयात काम, काही काळ बँकेत नोकरी, आणि २००३ मध्ये कॉलिन्स यांच्याच विलोबी मतदारसंघातून उमेदवारी. जागा पक्षाची हक्काची, पण समोर तिथले लोकप्रिय महापौर अपक्ष उभे राहिले. ग्लॅडिस जिंकल्या किती मतांनी? १४४. सतरा-अठरा वर्षांनी ज्यांच्याकडे अख्खं राज्य रोज सकाळी ११ वाजता डोळे लावून बसणार होतं, त्या बाई १४४ मतांवर आत आल्या होत्या.

नंतरची आठ वर्षं विरोधी बाकांवर. २०११ मध्ये बॅरी ओफॅरेल यांच्या नेतृत्वाखाली लिबरल-नॅशनल आघाडीने १६ वर्षांची लेबर राजवट उलथवली, ९३ पैकी ६९ जागा घेऊन. ग्लॅडिस वाहतूकमंत्री झाल्या, आणि माझ्या मते त्यांची खरी ओळख याच खात्यात तयार झाली.

सिडनीत तेव्हा रेल्वेचं तिकीट वेगळं, बसचं वेगळं, फेरीबोटीचं वेगळं. आधीच्या सरकारने टीकार्ड नावाची एकत्रित कार्ड योजना आणली होती, ती वर्षानुवर्षं रखडून शेवटी गुंडाळावी लागली. त्यामुळे "एक कार्ड" हा शब्द काढला की खात्यातले जुने लोक हसायचे. ग्लॅडिस यांनी ओपल कार्ड आणलं ते एकदम नाही. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूट्रल बेच्या एका छोट्या फेरी मार्गावर सुरुवात केली. एवढीशी होडी, एवढेसे प्रवासी. बिघडलं तर बोभाटा होणार नाही. तिथे जमल्यावर पुढचा मार्ग, मग पुढचा. दोनेक वर्षांत सगळ्या राज्यभर नसलं तरी सिडनी आणि आसपासच्या शहरांत कार्ड पोचलं. आम्हा खात्यांतल्या लोकांना मंत्री आवडतो तो असा. त्यांच्याबद्दल सचिवालयात एक गोष्ट सगळे मान्य करायचे, विरोधकसुद्धा: बाई कागद वाचून बैठकीला येतात. शेवटच्या पानावरची तळटीपही. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीचा त्रास होणार आहे.

सगळंच सोनं होतं असं नाही. सिडनीच्या जॉर्ज स्ट्रीटवरून जाणारी लाइट रेल, म्हणजे आधुनिक ट्राम, त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात १.६ अब्ज डॉलरची म्हणून ठरली. रस्ता २०१५ मध्ये खणला, ट्राम डिसेंबर २०१९ मध्ये धावली, खर्च ३ अब्जांच्या घरात गेला. मधल्या काळात दुकानदार देशोधडीला लागले आणि बांधकाम कंपनीबरोबरचा वाद सरकारला कोट्यवधी डॉलर देऊन मिटवावा लागला. आज ती ट्राम छान वाटते, पण त्या रस्त्यावर ज्याचं कॅफे बंद पडलं त्याला विचारा.

२०१५ पासून त्या ट्रेझरर होत्या, म्हणजे राज्याच्या अर्थमंत्री. वीज वितरणाच्या कंपन्या ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने खासगी हातात द्यायच्या आणि त्या पैशातून मेट्रो, रस्ते, इस्पितळं बांधायची, ही तेव्हाचे प्रीमियर माइक बेअर्ड यांची मोठी योजना. ती तडीला नेण्याचं काम ग्लॅडिस यांचं. २०१६ मध्ये ऑसग्रिड या कंपनीसाठी आलेल्या चिनी बोली केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून अडवल्या. सगळा हिशोब कोलमडेल असं वाटत असताना ५०.४ टक्के हिस्सा ऑस्ट्रेलियन फंडांना १६ अब्ज डॉलरहून जास्त किमतीला गेला. तिजोरी भरली.

जानेवारी २०१७ मध्ये बेअर्ड अचानक राजकारणातूनच बाहेर पडले. इथे एक क्षण थांबून नेता निवडीची पद्धत सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. प्रीमियर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच. विधानसभेत ९३ जागा, ज्याच्यामागे ४७ त्याला गव्हर्नर शपथ देतो. पण तो कोण, हे कॅनबेरातली हायकमांड ठरवत नाही. दिल्लीहून निरीक्षक येतात, पाकीट उघडलं जातं, हा प्रकार नाही. राज्यातल्या पक्षाचे आमदार एका खोलीत बसतात, तिला 'पार्टी रूम' म्हणतात, आणि मत देतात. त्यांनीच केला, त्यांनीच काढला. गव्हर्नरने प्रीमियरला बडतर्फ केल्याचं या राज्यात उदाहरण एकच, १९३२ मधलं जॅक लँग यांचं. राष्ट्रपती राजवटीसारखी सोय नाही, आणि निवडणूक दर चार वर्षांनी मार्चमध्ये ठरलेली. म्हणजे दिल्लीची भीती नाही, राज्यपालाची भीती नाही, लवकर निवडणुकीची भीती नाही. इतकी सुरक्षित खुर्ची असल्यावर तिच्यावर बसलेल्याला हलवणार कोण? ते पुढे येतं.

२३ जानेवारी २०१७ ला ग्लॅडिस बिनविरोध निवडल्या गेल्या आणि त्याच दिवशी शपथ झाली. राज्याच्या दुसऱ्या महिला प्रीमियर. पहिल्या लेबरच्या क्रिस्टिना केनेली. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांनी निवडणूक जिंकली, ४८ जागांवर, म्हणजे काठावर. पण न्यू साऊथ वेल्समध्ये निवडणूक जिंकून आलेली पहिली महिला प्रीमियर ही नोंद त्यांची. त्या प्रचारात सिडनीचं फुटबॉल स्टेडियम पाडून नवं बांधायचा हट्ट त्यांना चांगलाच महागात पडत होता. शेवटच्या आठवड्यात विरोधी नेत्याचा एक जुना व्हिडिओ बाहेर आला. आशियातून आलेले शिकलेले लोक सिडनीतल्या तरुणांच्या नोकऱ्या घेतात, अशा अर्थाचं ते त्यात बोलले होते. आमच्या भागात त्या आठवड्यात मंदिरात, दुकानात, स्टेशनवर दुसरा विषय नव्हता.

प्रीमियर म्हणून त्यांचा कस बघायचा तर मी कोरोनाकडे वळण्याआधी एक छोटं प्रकरण सांगेन. सप्टेंबर २०२०. कोआलांच्या वस्तीची जमीन राखण्यासाठी नियोजनाचे नियम कडक केले होते. आघाडीतला नॅशनल पक्ष शेतकऱ्यांचा. त्यांचे नेते आणि उपमुख्यमंत्री जॉन बॅरिलारो यांनी जाहीर केलं की आमचे आमदार यापुढे सरकारच्या बाजूने मत देतीलच असं नाही, पण मंत्रिपदं मात्र सोडणार नाही. सत्तेत राहून विरोध. हा खेळ महाराष्ट्राला नवा नाही. ग्लॅडिस यांनी वाटाघाटीचं गुऱ्हाळ लावलं नाही. उद्या सकाळी ९ पर्यंत ठरवा: मंत्रिमंडळात राहायचं तर सरकारबरोबर मत द्यायचं, नाहीतर मी गव्हर्नरांकडे जाऊन नवे मंत्री शपथेला उभे करते. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅरिलारो माघारी आले.

कोरोनाचं सगळ्यांना माहीत आहे, फार सांगत नाही. मार्च २०२० मध्ये रुबी प्रिन्सेस या जहाजावरून अडीच हजारांवर प्रवासी तपासणी न होता सिडनीत उतरले, ती मोठी चूक. ग्लॅडिस यांनी पुढे त्याबद्दल माफी मागितली. पहिली टाळेबंदी मे २०२० मध्ये सैल झाल्यावर वर्षभर राज्य सरसकट टाळेबंदीशिवाय चाललं, रुग्णाचे संपर्क शोधण्याच्या यंत्रणेचं देशभर कौतुक झालं. मग जून २०२१ मध्ये डेल्टा आला. २६ जूनपासून टाळेबंदी, रोज ११ वाजता टीव्हीवर आकडे. सिडनीच्या पश्चिमेचे, म्हणजे आमचे, परमॅटा, कंबरलँड, ब्लॅकटाउन हे भाग 'चिंतेचे' ठरले. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, ऑगस्टअखेर रात्री ९ ते पहाटे ५ संचारबंदी. समुद्राकाठच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत लोक वाळूवर ऊन खात बसलेले टीव्हीवर दिसायचे आणि आमच्याकडे रस्त्यावर पोलीस. घरात दोन खोल्यांत सहा माणसं असणाऱ्यांना तो भेदभाव अजून विसरता आलेला नाही. तो राग रास्त होता असं मला वाटतं, आणि मी त्यांचा चाहता असूनही हे लिहितोय.

आता वॅगा.

वॅगा वॅगा हे सिडनीपासून सुमारे ४५० किलोमीटरवरचं शेतीभागातलं मोठं गाव. तिथले लिबरल आमदार डॅरिल मॅग्वायर. गावात क्ले टार्गेट, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेचं मुख्यालय. मॅग्वायर यांना तिथे मोठं क्लब हाऊस आणि सभागृह हवं होतं, आणि त्यासाठी ते मंत्र्यांच्या दारात सतत उभे असायचे. आमदाराने आपल्या गावासाठी भांडणं यात गैर काही नाही. तेच त्याचं काम.

डिसेंबर २०१६ मध्ये हा प्रस्ताव मंत्रिमंडळाच्या खर्च समितीपुढे आला. आम्ही तिला ईआरसी म्हणतो. सगळी मोठी उधळपट्टी आणि सगळी मोठी काटकसर याच खोलीत होते. समितीत ट्रेझरर म्हणून ग्लॅडिस होत्या. ५५ लाख डॉलर मंजूर झाले, अट एक: समाधानकारक बिझनेस केस यायला हवी. बिझनेस केस म्हणजे प्रकल्पाची पत्रिका. त्यात आम्ही पहिल्यांदा एकच आकडा बघतो, बीसीआर: एक डॉलर घातला तर समाजाला किती परत येतो. १ च्या वर असेल तर बोला, खाली असेल तर चहा घ्या आणि निघा. या प्रकल्पाचा आकडा पहिल्या फेरीत १ च्या खाली आला. मग गृहीतकं बदलून फेरतपासणी झाली आणि तो १ च्या किंचित वर सरकला. प्रकल्प झाला.

हे वाचून तुम्हाला घोटाळ्याचा वास येत असेल तर सांगतो, असा 'किंचित वर' सरकलेला आकडा मी आयुष्यात पुष्कळदा पाहिला आहे. बाहेरगावचे पाहुणे थोडे जास्त धरले, मुक्काम एका रात्रीने वाढवला की ०.९ चं १.१ होतं. वाईट प्रकल्पाला पैसे मिळणं ही इथे आमदारकीची नेहमीची फळं आहेत. ग्लॅडिस यांचा प्रश्न प्रकल्प वाईट की चांगला हा नव्हताच.

प्रश्न हा होता की त्या आणि मॅग्वायर तेव्हा काही वर्षं गुपचूप नात्यात होते. मंत्रिमंडळात कुणाला माहीत नव्हतं. बेअर्ड यांना नाही, खात्याला नाही. २०१८ मध्ये त्या प्रीमियर असताना वॅगाच्याच रिव्हरिना संगीत विद्यालयासाठी मोठी रक्कम कबूल झाली, तेव्हाही नाही.

हितसंबंध जाहीर करायचा म्हणजे नेमकं काय, ते माझ्या पातळीवरचं सांगतो, म्हणजे कळेल. काही वर्षांपूर्वी आमच्या समितीपुढे वीस-पंचवीस छोट्या अर्जांची यादी होती. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकापुढे एक पानाचा फॉर्म येतो. अर्ज क्रमांक, अर्जदाराचं नाव आणि शेवटचा रकाना: 'तुमचा काही संबंध?' मी यादीवरून बोट फिरवत खाली आलो आणि अकराव्या ओळीत माझ्या मुलीची शनिवारची मराठी शाळा. मागितलेली रक्कम दोनेक हजार डॉलर, बाकं आणि पुस्तकांसाठी. मी त्या शाळेत पदाधिकारी नाही, पगार घेत नाही. फक्त शनिवारी सकाळी मुलीला सोडतो आणि बाहेर बाकावर बसून इतर बापांबरोबर चहा पितो. मी रकान्यात लिहिलं, "मुलगी तिथे शिकते." आमची प्रमुख म्हणाली, "अकरा नंबर आला की बाहेर जा, कॉफी घे." मी गेलो. सात मिनिटांत परत बोलावलं. अर्ज मंजूर झाला होता की नाही, हे मला तीन आठवड्यांनी शाळेच्या पत्रातून कळलं.

एवढंच. या सात मिनिटांना काही किंमत पडत नाही. नातं असणं गुन्हा नाही, नात्यातल्या माणसाच्या गावाला पैसे मिळणंही गुन्हा नाही. खोलीत बसून राहणं, आणि का बसलोय ते न सांगणं, तिथे सगळं बिघडतं. मंत्र्यांसाठी तर लेखी आचारसंहिता आहे. ती भ्रष्टाचारविरोधी कायद्याखालच्या नियमांना जोडलेली आहे, म्हणजे नुसता सदिच्छेचा कागद नाही. कागदाची तळटीपही वाचणाऱ्या बाईंनी हा रकाना वाचला नसेल, हे म्हणूनच कुणाला पटवता येईना. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की ते नातं जाहीर करण्याइतकं पक्कं नव्हतं, आणि वॅगाला मी इतर मतदारसंघांसारखंच वागवलं. माइक बेअर्ड हे त्यांचे जुने स्नेही, पण आयोगापुढे साक्षीला आल्यावर त्यांनीही सांगितलं की हे जाहीर व्हायला हवं होतं.

हा आयोग म्हणजे आयकॅक, राज्याचा स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग. फोन ऐकू शकतो, कुणालाही साक्षीला बसवू शकतो, साक्ष जगजाहीर घेऊ शकतो. शिक्षा मात्र करू शकत नाही. निष्कर्ष काढतो आणि वाटलं तर सरकारी वकिलाकडे पाठवतो. मॅग्वायर २०१८ मध्येच एका जमीन-दलालीच्या भानगडीत त्याच्या जाळ्यात सापडून आमदारकी सोडून गेले होते. पोटनिवडणुकीत १९५७ पासूनची हक्काची जागाही पक्षाने गमावली. त्यांच्याच धंद्यांची पुढची चौकशी चालू असताना १२ ऑक्टोबर २०२० ला ग्लॅडिस साक्षीला आल्या आणि नात्याची कबुली दिली. टॅप केलेल्या फोनमध्ये मॅग्वायर आपले व्यवहार सांगू लागले की "तेवढं मला कळायची गरज नाही" अशा अर्थाचं त्या म्हणताना ऐकू आल्या. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी काम केलं नाही. पण त्या वाचल्या. लोकांना, विशेषतः बायकांना, खूप सहानुभूती वाटली: चुकीच्या माणसाच्या प्रेमात पडलेली एक कामसू बाई. आणखी एक वर्ष त्या राहिल्या.

१ ऑक्टोबर २०२१, शुक्रवार. आयोगाने जाहीर केलं की आता चौकशी थेट ग्लॅडिस यांचीही आहे. त्याच दुपारी त्यांनी राजीनामा जाहीर केला. कारण त्यांनी स्वतःच घालून दिलेलं होतं: ज्या मंत्र्याची चौकशी सुरू होईल त्याने बाजूला व्हायचं, हा नियम त्या सहकाऱ्यांना लावत आल्या होत्या. मंत्री तात्पुरता बाजूला होऊ शकतो, त्याचं खातं दुसरा बघतो. ऐन साथीत प्रीमियरने महिनोन्‌महिने तात्पुरतं बाजूला होणं त्यांना शक्य वाटलं नाही. म्हणून गेल्या. दहाच दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, त्यांनीच आखलेल्या वेळापत्रकाप्रमाणे टाळेबंदी उठली आणि टीव्हीवर बिअरचा ग्लास घेऊन दिसले ते नवे प्रीमियर डॉमिनिक पेरोटे.

तुम्हाला हे अजब वाटतं, पण या राज्यात त्या तिसऱ्या. आणि पहिला बळी तर आयोग स्थापन करणाराच. निक ग्रायनर १९८८ मध्ये "स्वच्छ सरकार"चा नारा देत आले, आयकॅकचा कायदा केला. १९९२ मध्ये पक्ष सोडून गेलेल्या एका आमदाराला त्यांनी सरकारी नोकरी देऊ केली. तो जागा सोडेल, पोटनिवडणूक आपण जिंकू, असा साधा हिशोब. आपल्याकडे याला चाणाक्षपणा म्हटलं असतं. आयोगाने याला कायद्याच्या व्याख्येनुसार भ्रष्ट वर्तन म्हटलं, ज्यांच्या टेकूवर सरकार होतं त्या अपक्षांनी टेकू काढायची धमकी दिली, ग्रायनर गेले. दोन महिन्यांनी अपील न्यायालयाने आयोगाचा निष्कर्ष रद्द ठरवला. खुर्ची काही परत मिळाली नाही.

दुसरे ओफॅरेल. २०१४ मध्ये त्यांना साक्षीत विचारलं, एका उद्योजकाने तुम्हाला ३,००० डॉलरची १९५९ सालची ग्रेंज वाइनची बाटली भेट दिली होती का? १९५९ हे त्यांचं जन्मवर्ष. ते म्हणाले, अशी बाटली मिळाल्याचं आठवत नाही, मिळाली असती तर विसरलो नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच हस्ताक्षरातलं आभाराचं पत्र पुढे आलं. त्याच दिवशी राजीनामा. मुद्दाम खोटं बोलले असं आयोगानेही म्हटलं नाही. हेच ओफॅरेल २०२० ते २०२३ दिल्लीत ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त होते. मुंबईच्या वाऱ्या त्यांनी प्रीमियर असतानाच सुरू केल्या होत्या.

आपल्याकडे न्यायालयाच्या फटक्याने मुख्यमंत्री गेलेच नाहीत असं नाही: १९८२ मध्ये अंतुले, १९८६ मध्ये मुलीच्या परीक्षेतल्या गुणांवरून शिवाजीराव निलंगेकर. फरक पायरीचा आहे. तिथे उच्च न्यायालयाला बोलावं लागलं, इथे आयोगाने नुसतं "चौकशी सुरू करतोय" म्हटलं. सिडनीच्या खुर्चीला ना हायकमांडची भीती ना राज्यपालाची, असं मी वर म्हटलं. तिला भीती एकाच दाराची आहे आणि ते दार ग्रायनर यांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं.

हे न्याय्य आहे का? इथे खात्यातली माणसंही दोन तट करून भांडतात. आयोगाचा अहवाल यायला जून २०२३ उजाडलं, राजीनाम्यानंतर पावणेदोन वर्षं. त्यात म्हटलं की हितसंबंध न सांगता निर्णयांत भाग घेऊन त्यांनी लोकांच्या विश्वासाचा भंग केला आणि मॅग्वायर यांच्याबद्दल संशय असूनही आयोगाला कळवलं नाही. हे "गंभीर भ्रष्ट वर्तन" आहे. मात्र त्यांच्यावर फौजदारी कारवाईसाठी शिफारस केली नाही. त्या अपील न्यायालयात गेल्या, तिथे जुलै २०२४ मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल त्यांच्या विरोधात लागला. राजीनाम्याच्या वेळचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी तर या आयोगाला 'कांगारू कोर्ट' म्हणून हिणवलं होतं. पुढे जुलै २०२३ मध्ये केंद्राचा असाच आयोग सुरू झाला, त्यात जाहीर सुनावणी फक्त अपवादात्मक परिस्थितीत, अशी मेख मारून ठेवली गेली.

माझं मत विचाराल तर निष्कर्ष बरोबर होता आणि वेळ अक्षम्य होता. प्रीमियर घालवायला एक पत्रक पुरलं, पण तिने नेमकं काय केलं हे सांगायला पावणेदोन वर्षं लागली, हे मला खटकतं. आणि प्रेमाचे फोन सगळ्या राज्याला ऐकवण्याची तितकी गरज होती का, हेही. पण रकाना रिकामा होता, हे कुणालाच खोडता आलं नाही, त्यांच्या वकिलांनाही नाही.

ग्लॅडिस पुन्हा उभ्या राहतील का, हाही प्रश्न तुम्हाला पडेल. संधी समोर आली होती. मॉरिसन यांनी २०२२ च्या केंद्रातल्या निवडणुकीसाठी त्यांना वॉरिंगा या मतदारसंघाचा आग्रह धरला होता. त्यांनी नाही म्हटलं आणि ऑप्टस या टेलिकॉम कंपनीत मोठ्या पदावर रुजू झाल्या.

परीक्षेत लिहिताना एक काळजी घ्या. "भ्रष्टाचाराच्या आरोपात दोषी ठरल्या" असं लिहू नका. दोषी न्यायालय ठरवतं. इथे आयोगाचा निष्कर्ष आहे आणि न्यायालयाने तपासला तो त्या निष्कर्षाची कायदेशीर बाजू. अहवाल दोन खंडांचा आहे, सगळा वाचायला महिना जाईल. वेळ कमी असेल तर क्ले टार्गेटचं प्रकरण वाचा, आणि त्यात डिसेंबर २०१६ च्या त्या बैठकीपर्यंत कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेला तेवढं एका कागदावर रेघा मारून बघा.